धन की घन?

सुरुवातीलाच माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हांला सांगतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि पनवेलजवळ सुकापूरला राहतो. गेल्या वर्षी आमच्या भागातील एका शाळेने नववी-दहावीच्या मुलांसाठी विज्ञानाची एक छोटी परीक्षा ठेवली. पहिल्या पाच मुलांना मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र दाखवायला न्यायचे ठरले होते. प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी घरच्या संगणकावर प्रश्न लिहिले आणि दोन पानांचा मजकूर एकाच पानावर बसावा म्हणून झेरॉक्स काढताना तो लहान करून घेतला. कागद वाचला म्हणून मी मनात खूशही झालो.

चौथा प्रश्न असा होता : 'दोन धन गोल रेशमी दोऱ्यांनी शेजारी शेजारी टांगले आहेत. ते एकमेकांवर कोणते बल लावतील?' खरे तर 'धनप्रभारित' असा पूर्ण शब्द लिहायला हवा होता. पण जागा वाचवण्यासाठी मी नुसते 'धन' लिहिले. उत्तर सोपे होते. प्रभार सजातीय, म्हणून प्रतिकर्षण. परंतु ४३ उत्तरपत्रिकांपैकी १७ उत्तरपत्रिकांत भलतेच उत्तर आले होते : 'गुरुत्वाकर्षणाचे बल, पण ते अतिशय क्षीण असल्यामुळे गोल हललेले दिसणार नाहीत.' मी लाल शाईने सतरा फुल्या मारल्या.

निकाल लागल्यावर एक मुलगी माझ्याकडे आली. तिचा पाचवा क्रमांक दोन गुणांनी हुकला होता. तिने प्रश्नपत्रिका पुढे धरली आणि शांतपणे म्हणाली, "सर, इथे घन गोल लिहिले आहे. भरीव गोल. मग उत्तर चुकले कसे?"

मी चष्मा पुसून पाहिले. तिचे म्हणणे खरे होते. मी लिहिले होते 'धन' आणि कागदावर उमटले होते 'घन'!

हे कसे झाले? त्याचा शोध घेताना मला जे कळले तेच आज तुम्हांला सांगणार आहे. तो शोध प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकापासून सुरू झाला आणि दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत शिशाची अक्षरे घडवणाऱ्या दोन माणसांपाशी जाऊन पोहोचला.

केसाएवढी फट

'ध' आणि 'घ' ही अक्षरे शेजारी शेजारी लिहून नीट पाहा. 'घ'ची शिरोरेखा अखंड असते. 'ध'ची शिरोरेखा मात्र डाव्या बाजूला तुटलेली असते आणि तिथे एक लहानशी गाठ असते. 'म' आणि 'भ' यांच्यातही असाच फरक आहे. याचा अर्थ असा, की या जोड्यांची ओळख एका फटीवर अवलंबून आहे. ती फट बुजली, की 'धन'चे 'घन' होते आणि 'भार'चा 'मार' होतो.

माझ्या प्रश्नपत्रिकेची मूळ प्रत आणि मुलांना दिलेली प्रत मी महाविद्यालयातील चल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मूळ प्रतीत 'ध'मधील फट ०.३१ मिलिमीटर भरली. मी मजकूर ७१ टक्के केला होता, तेव्हा लहान प्रतीत ती ०.२२ मिमी भरायला हवी होती. प्रत्यक्षात भरली ०.०९ मिमी! उरलेली ०.१३ मिमी जागा काळ्या भुकटीने दोन्ही कडांकडून गिळून टाकली होती.

आता आपल्या डोळ्याकडे वळू. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढे कोनीय अंतर लागते. पुस्तक आपण सुमारे ३५ सेंटिमीटरवर धरतो. या अंतरावर एका कलेचा कोन म्हणजे कागदावरील किती लांबी, हे तुम्ही त्रिकोणमितीने काढू शकता. उत्तर येते सुमारे ०.१ मिमी. माझ्या कागदावरची फट होती ०.०९ मिमी. म्हणजे सतरा मुलांचे काहीच चुकले नव्हते. चुकलो होतो मी. डोळ्याला जे दिसणे शक्य नाही ते त्यांनी पाहावे, अशी माझी अपेक्षा होती.

शिवाय वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारते. प्रत्येक उडीनंतर ती साधारण पाव सेकंद थांबते आणि तेवढ्यात काही अक्षरे टिपून पुढे जाते. दृष्टिपटलाचा जो भाग बारकावे टिपतो तो फक्त दोन अंशांच्या आसपास पसरलेला आहे. पुस्तकावर ती जागा जेमतेम सव्वा सेंटिमीटर भरते. पाव सेकंद आणि सव्वा सेंटिमीटर, एवढ्या भांडवलावर डोळ्याने 'ध' की 'घ' हे ठरवायचे असते. म्हणून पुस्तकाचे अक्षर नुसते सुंदर असून भागत नाही. ते हजारो ओळी वाचल्यावरही डोळ्याला न थकवता ओळखू आले पाहिजे.

दोन पेन्सिलींचा प्रयोग

कोणत्याही जुन्या मराठी पुस्तकातील अक्षरे पाहा. त्यांच्या रेषा सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात. कुठे जाड, कुठे बारीक. ही जाडी-बारीकी आली कुठून? ती आली बोरूपासून. एक सोपा प्रयोग करून पाहा.

दोन पेन्सिली रबराने अशा बांधा, की त्यांच्या टोकांमध्ये ५ मिमी अंतर राहील. दोन टोकांना जोडणारी रेषा आडव्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करील अशा रीतीने पेन्सिली धरा. मनगट मुळीच न फिरवता कागदावर एक उभी रेघ, एक आडवी रेघ, दोन तिरप्या रेघा आणि शेवटी एक वर्तुळ काढा. पेन्सिलींच्या दोन रेषांमधील जागा भरून काढली, की झाली बोरूची रेघ!

काय दिसते? टोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने हात नेला, तर रेघ अगदी बारीक येते. तिच्याशी काटकोनात नेला, तर पूर्ण ५ मिमी जाड येते. उभी आणि आडवी रेघ मात्र दोन्ही साडेतीन मिमीच्या आसपास येतात. नियम साधा आहे. बोरूच्या टोकाची रुंदी 'र' आणि टोक व हालचाल यांमधील कोन 'क' असेल, तर रेघेची जाडी = र × ज्या क. कोन ३० अंश असेल तर जाडी निम्मी होते. वर्तुळ काढताना कोन क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून जाडीही हळूहळू कमीजास्त होते. सुलेखनकाराच्या अक्षरातील डौल म्हणजे एका अर्थी ज्या-फलनाचा आलेखच होय.

आणखी एक गंमत पाहा. पेन्सिलींचे एक टोक डावीकडे खाली आणि दुसरे उजवीकडे वर असे धरून वर्तुळ काढा. मग डावीकडचे टोक वर आणि उजवीकडचे खाली असे धरून दुसरे वर्तुळ काढा. जाड भागांच्या जागा बदलतील. रोमन लिपी लिहिणाऱ्यांची लेखणी पहिल्या प्रकारची आणि देवनागरीचा बोरू दुसऱ्या प्रकारचा. इंग्रजी आणि मराठी पुस्तकांतील अक्षरांचा तोल एकमेकांपासून वेगळा दिसतो, त्याचे एक कारण हे आहे.

इंग्रजी पुस्तकातील अक्षरांच्या डोक्यांना आणि पायांना लहान आडवे फाटे असतात, हेही तुम्ही पाहिले असेल. त्यांना सेरिफ म्हणतात. रोममधील ट्रेजन राजाच्या स्तंभावर इ. स. ११३ मध्ये कोरलेल्या लेखात हे फाटे स्पष्ट दिसतात. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्राने स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेले आणि व्हिक्टर लार्डेंट यांनी रेखाटलेले जे अक्षर ३ ऑक्टोबर १९३२ पासून वापरले, त्या 'टाइम्स न्यू रोमन'मध्येही हे फाटे आहेत. हे फाटे नजरेला ओळीवर धरून ठेवतात असे पुष्कळदा सांगितले जाते. तथापि प्रयोगांतून तसा ठाम फरक सिद्ध झालेला नाही. अक्षराचे माप, अक्षरांमधील मोकळी जागा आणि शाई-कागदाचा उठाव यांचा परिणाम अधिक स्पष्टपणे जाणवतो. देवनागरीला असे फाटे नाहीत. आपल्याकडे शब्द बांधून ठेवण्याचे काम शिरोरेखा करते आणि बोरूच्या तिरप्या काटामुळे रेघांची टोके रेखीव होतात.

बोरूकडून शिशाकडे

छपाई आली आणि बोरूचे हे वळण धातूत उतरवण्याचा प्रश्न उभा राहिला. भारतात पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्याला आले. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, पण अक्षरे रोमन. मराठीसाठी खिळेच नव्हते! पुढे बंगालमधील श्रीरामपूरला पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर या कारागिरांनी देवनागरी ठसे कोरले आणि विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथे छापून निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी जीवनवल्लभ या कारागिराच्या मदतीने देवनागरी खिळे सुधारले.

याच छापखान्यात एक गरीब मुलगा लहान वयात खिळे घासण्याच्या कामाला लागला. त्याचे नाव जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९ चा. शाळेचे शिक्षण फारसे नाही. पण खिळे घासता घासता कोणते अक्षर चांगले आणि कोणते वाईट, हे त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना कळू लागले. १८६४ मध्ये जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. त्यांच्या जोडीला राणूजी रावजी आरू हे असामान्य कारागीर होते. ठसे कोरावेत ते राणूजींनीच. १८८६ मध्ये या छापखान्याने 'काव्यमाला' ही संस्कृत ग्रंथांची माला सुरू केली. निर्णयसागरची पुस्तके शुद्ध छपाईसाठी देशभर आणि परदेशांतही नावाजली गेली. जावजी १८९२ मध्ये वारले, पण 'निर्णयसागर वळण' हे नाव अक्षरांच्या जगात कायम राहिले. तुमच्या गावच्या वाचनालयात निर्णयसागरचे एखादे जुने पुस्तक असेल, तर भिंग घेऊन जरूर पाहा. रेघा काळ्या, ठसठशीत. पण अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा प्रशस्त. 'ध'ची फट अगदी निःसंदिग्ध.

हे कसे साधले, ते समजण्यासाठी खिळा कसा तयार होतो ते पाहू. प्रथम पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा झाला ठसा. कोरताना कारागीर ठसा दिव्याच्या ज्योतीवर धरतो, त्यावर काजळी धरली की कागदावर दाबून पाहतो आणि पुन्हा कानस हाती घेतो. अक्षराच्या पोटातील जागा जमेपर्यंत हे चालते. म्हणजे तो केवळ काळी रेघ घडवीत नसतो, तर पांढरी जागाही तितक्याच काळजीने घडवीत असतो. ठसा पुरा झाल्यावर तो कठीण करून तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. त्यामुळे तांब्यात अक्षराचा खोलगट साचा तयार होतो. या साच्यात वितळलेला मिश्रधातू ओतला, की खिळा तयार.

मिश्रधातूही विचार करून निवडलेला असतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ अंशांना आणि अँटिमनी ६३१ अंशांना. शिशाचा भाग मोठा ठेवून तिन्ही योग्य प्रमाणात मिसळले, तर मिश्रण सुमारे २४० अंशांनाच वितळते. शिसे एकटे मऊ पडते. अँटिमनीमुळे त्याला कठीणपणा येतो. थिजताना बहुतेक धातू आकसतात, पण अँटिमनी थिजताना किंचित प्रसरण पावतो. त्यामुळे मिश्रधातूचे आकसणे फार कमी होते आणि साच्याचे कानेकोपरे नीट भरतात. सुमारे २३ मिमी उंचीचे हजारो खिळे एका पातळीत उभे राहायचे असतात. एखादा खिळा जरासा बुटका निघाला, तरी कागदावर त्याचे अक्षर फिके उमटते!

अक्षर लहान होते, शाई होत नाही

आता माझ्या चुकीच्या मुळाशी येऊ. खिळा कागदावर दाबला, की शाई दाबाने कडेबाहेर सरकते आणि केशाकर्षणामुळे कागदाच्या तंतूंतून थोडी पसरते. झेरॉक्सची भुकटीही कडेला थोडी सांडतेच. महत्त्वाची गोष्ट ही, की हे पसरणे अक्षराच्या मापावर अवलंबून नसते. ते शाई, कागद आणि दाब यांवर ठरते. अक्षर मोठे असो की लहान, शाई आपली तेवढीच पसरते.

माझ्याच प्रश्नपत्रिकेचे आकडे घेऊन हिशेब करू. पसरण्यामुळे फटीतील ०.१३ मिमी जागा जाते असे धरा. मोठ्या अक्षरात फट ०.६२ मिमी असेल, तर ०.४९ मिमी उरते. म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के फट शाबूत. मध्यम अक्षरातील ०.३१ मिमीपैकी ०.१८ मिमी, म्हणजे अठ्ठावन्न टक्के उरते. लहान अक्षरातील ०.२२ मिमीपैकी फक्त ०.०९ मिमी, म्हणजे एकेचाळीस टक्के. अक्षर एकाच प्रमाणात लहान केले, तरी त्याची ओळख त्याच प्रमाणात टिकत नाही. ती झपाट्याने नाहीशी होते.

जुन्या कारागिरांना हे आकडे कोणी शिकवले नव्हते. पण खिळ्यांच्या काळात अक्षर लहान करण्याचे बटण नव्हते. प्रत्येक मापासाठी वेगळा ठसा कोरावा लागे. लहान मापाचा ठसा कोरताना चांगला कारागीर मोठ्या अक्षराची हुबेहूब नक्कल करीत नसे. तो अक्षराचे पोट जरा मोठे ठेवी, फट जरा रुंद ठेवी, बारीक रेघ तुटू नये म्हणून किंचित जाड करी. शाई आपले काम करणार, हे तो आधीच हिशेबात धरी. आपण वाचतो ते अक्षर खिळ्यावर असते तसे नसते. ते शाई पसरल्यानंतरचे असते.

मी काय केले होते? शीर्षकासाठी बनवलेले जाड वळण निवडले, कारण ते मला भारदस्त वाटले. आणि ते यंत्राच्या हवाली करून ७१ टक्के करून घेतले. राणूजींनी जी गोष्ट कानशीने महिनोन्महिने सांभाळली असती, ती मी एका बटणाने मोडून टाकली!

पडद्यावरचे अक्षर

तुम्ही म्हणाल, आता शाई कुठे राहिली? आम्ही तर संगणकावर आणि मोबाइलवर वाचतो. पण मर्यादा तिथेही आहे, फक्त तिचे रूप बदलले आहे. संगणकाच्या साध्या पडद्यावर एका इंचात ९६ ठिपके असतील, तर एक ठिपका सुमारे ०.२६ मिमीचा होतो. म्हणजे 'ध'च्या फटीच्या वाट्याला फार तर एकच ठिपका येणार. तो काळा की पांढरा, यावर 'धन' की 'घन' ठरणार! मोबाइलच्या पडद्यावर इंचाला ४०० ठिपके असले, तर ठिपका ०.०६ मिमीचा होतो आणि अक्षराला बरीच मोकळीक मिळते.

म्हणून पडद्यासाठी अक्षरे नव्याने आखावी लागली. प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हे वळण अशा वापरासाठी तयार केले आणि ते विंडोज २००० पासून लाखो संगणकांवर पोहोचले. छपाईसाठी राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा टंक उपलब्ध करून दिला. साधने बदलली, परंतु जावजी आणि राणूजी यांच्यापुढचा प्रश्न आजच्या आरेखनकारांपुढेही आहे. वाचणाऱ्याला अक्षराकडे पाहावे लागू नये, त्याला थेट अर्थच दिसावा, असे अक्षर कसे घडवायचे?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. प्रश्नपत्रिका काढताना जाड, नक्षीदार वळण घेऊ नका. कागद वाचवण्यासाठी अक्षर बारीक करू नका. हवे तर प्रश्न कमी करा. मुलांना देण्यापूर्वी छापलेली शेवटची प्रत पाहा, पडद्यावरची नव्हे. त्यात 'ध-घ', 'भ-म', 'ब-व' या जोड्या हातभर अंतरावरून वाचून पाहा. मुलगा अडखळला, तर तो कच्चा आहे असे ठरवण्याआधी त्याच्या हातातील कागद एकदा स्वतः वाचा. आणि मुलांनो, समोरचे अक्षर नीट लागत नसेल, तर संकोच न करता विचारा. डोळे तपासायला हवेत की कागद बदलायला हवा, हे त्यातूनच कळेल.

त्या चौथ्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. भरीव गोलांबद्दल त्या सतरा जणांनी लिहिलेले उत्तर पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. मी त्यांना पूर्ण गुण दिले आणि शाळेत जाऊन माझी चूक सांगितली. ज्याचा पाचवा क्रमांक आधी जाहीर झाला होता, त्याचे नाव काढणे बरे दिसले नसते. म्हणून मुंबईला पाचाऐवजी सहा मुले गेली. सहाव्या तिकिटाचे पैसे मी दिले, हे ओघानेच आले.